हिशेबनीस ते राज्याचा कारभारी : म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या

बेंगळुरूच्या गजबजलेल्या कृष्णराजेंद्र बाजारपेठेजवळ जुन्या किल्ल्याचा एक दगडी दरवाजा आणि तटबंदीचा थोडा भाग आज शिल्लक आहे. १७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला जिंकला. तहानंतर तो परत मिळाला, तेव्हा इंग्रजांपुढे त्याचा उपयोग झाला नाही म्हणून टिपू सुलतानाने तो पाडून टाकला. १८०० च्या सुमारास त्याची पुन्हा डागडुजी करण्यात आली. ती करविणारे गृहस्थ टिपूच्या काळात त्याच राज्याचा खजिना सांभाळत होते आणि आता त्या राज्याचे दिवाण झाले होते. त्यांचे नाव पूर्णय्या.

हैदर अली, टिपू सुलतान आणि त्यानंतर पुन्हा गादीवर आलेले वडियार घराणे अशा तीन सत्ताधाऱ्यांची सेवा पूर्णय्या यांनी केली. किराणा मालाच्या दुकानातील वहीपासून त्यांच्या आयुष्याची सुरुवात झाली आणि १७९९ ते १८११ या बारा वर्षांत एका मोठ्या संस्थानाचा संपूर्ण कारभार त्यांच्या हाती राहिला. ते पायउतार झाले तेव्हा म्हैसूरच्या खजिन्यात दोन कोटींहून अधिक रुपयांची शिल्लक होती, असे इतिहासकार सांगतात. मात्र त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत ते राज्य इंग्रजांनी आपल्या हाती घेतले. एका कुशल अर्थकारभाऱ्याने काय मिळवले आणि काय त्याच्या हातून राहून गेले, हे समजून घेण्यासाठी पूर्णय्या यांचे चरित्र आजही वाचण्याजोगे आहे.

दुकानातील वही

पूर्णय्या यांचा जन्म १७४६ मध्ये कोइमतूर प्रांतातील एका देशस्थ माध्व ब्राह्मण कुटुंबात झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले आणि घराची जबाबदारी त्यांच्यावर पडली. एका व्यापाऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिण्याचे काम त्यांनी पत्करले. या व्यापाऱ्याचा संबंध अन्नदान शेट्टी या धनिक सावकाराशी होता आणि हैदर अलीच्या वाड्याला व फौजेला लागणारा धान्य-किराणा या शेट्टीकडून पुरविला जात असे. या वाटेने तरुण पूर्णय्या यांचा हैदरच्या दरबाराशी संबंध आला. आकडेमोडीतील त्यांची गती, सुवाच्य अक्षर आणि विलक्षण स्मरणशक्ती यांची तेथे लवकरच दखल घेतली गेली आणि सरकारी हिशेबखात्यात त्यांना जागा मिळाली.

त्या काळी दक्षिणेत हिशेबाचे काम आणि देशस्थ घराणी यांचे नाते जुने होते. विजापूरच्या आदिलशाहीने १६३८ मध्ये बंगळूर जिंकल्यावर तो मुलूख शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाला होता. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर महाराष्ट्रातील अनेक कारकुनी घराणी कर्नाटकात व तमिळ मुलुखात स्थिरावली. जमाखर्चाची मराठी पद्धती त्यांनी तेथे रुजवली. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांकडे गेले आणि पुढे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांनी ते तीन लाख रुपयांना घेतले. राज्ये बदलली, परंतु दप्तरात मराठी टिकून राहिली. स्कॉटिश वैद्य आणि प्रवासी फ्रान्सिस बुकानन १८०० मध्ये म्हैसूर राज्यात फिरला. पूर्णय्या तमिळ व कन्नडबरोबरच हिंदुस्थानी आणि मराठी बोलत, अशी नोंद त्याने केली आहे. इंग्रजी त्यांना लिहिता-वाचता येत नसे, पण ऐकलेले कळत असे, असेही सांगितले जाते.

हैदरचा फड

हैदर अली स्वतः निरक्षर होता. तथापि राज्याच्या उत्पन्नाचे आणि फौजेच्या खर्चाचे आकडे त्याच्या तोंडावर असत. अशा धन्याच्या हाताखाली हिशेबनिसाची कसोटी रोजच लागे. कागदात लिहिलेले आणि धन्याच्या मनात असलेले यांत तफावत पडली, तर तिचा खुलासा जागच्या जागी द्यावा लागत असे.

म्हैसूरचे हिशेब तेव्हा एकाहून अधिक भाषांत ठेवले जात. कन्नड हिशेबासाठी कडत नावाची वही वापरली जाई. कापडावर चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप देऊन ते काळे केले जाई, त्याच्या घड्या घातल्या जात आणि त्यावर शंखजिऱ्याच्या कांडीने लिहिले जाई. लिहिलेले पुसून त्याच कापडावर पुन्हा लिहिता येत असे. दुसरीकडे मराठीत आणि फारसीत तेच हिशेब उतरविले जात. एका भाषेतील दप्तर दुसऱ्याशी ताडून पाहता येई आणि एकाच कारकुनाला सहजासहजी अफरातफर करता येत नसे. सर्व दप्तरांवर नजर ठेवू शकणाऱ्या माणसाचे महत्त्व अर्थातच मोठे होते. कृष्णराव हे खजिनदार आणि त्यांच्या बरोबरीने पूर्णय्या अशी जोडी हैदरच्या अखेरच्या वर्षांत राज्याचा पैसा सांभाळत होती.

या जोडीची खरी परीक्षा १७८२ च्या डिसेंबरात झाली. इंग्रजांशी दुसरे युद्ध सुरू असताना चित्तूरजवळच्या छावणीत हैदरचा आजाराने मृत्यू झाला. त्याचा मुलगा टिपू तेव्हा दूर मलबार किनाऱ्यावर लढत होता. मृत्यूची बातमी फुटली असती, तर पगाराच्या आशेवर एकत्र राहिलेली मोठी फौज पांगण्याचा आणि गादीसाठी भांडण लागण्याचा धोका होता. पूर्णय्या आणि कृष्णराव यांनी विश्वासातील मोजक्या सरदारांशी मसलत करून मृत्यू गुप्त ठेवला. हैदरचा देह पेटीत ठेवून, खजिना रवाना होत असल्याच्या मिषाने, पहाऱ्यासह कोलारकडे पाठविण्यात आला. छावणीतील नित्याचा क्रम आणि हुकूम पूर्वीप्रमाणेच चालू ठेवण्यात आले. हैदरच्या धाकट्या मुलाला पुढे करण्याचा काहींचा बेत उघडकीस येताच त्यांना कैद करण्यात आले. टिपू येऊन पोहोचेपर्यंत फौज एकत्र राहिली आणि त्याला गादी बिनविरोध मिळाली.

या घटनेत तलवारीचा वाटा फार थोडा होता. फौजेला वेळेवर पैसा मिळत राहिला आणि हुकूम नेहमीच्या हाताने निघत राहिले, म्हणून राज्य टिकले. पूर्णय्या यांच्या पुढील साऱ्या कारकिर्दीचे सूत्र येथे दिसते.

टिपूच्या राज्यात

टिपूच्या कारकिर्दीत मीर सादिक हा महसुलाच्या कारभारात प्रमुख होता, तर हिशेब आणि खजिन्याची मोठी जबाबदारी पूर्णय्या यांच्याकडे होती. टिपूने फारसीला दप्तरात अधिक मान दिला, वजने, मापे, नाणी आणि कालगणना यांत अनेक बदल केले. या सर्व बदलांमधून जमाखर्च सुरळीत चालू ठेवणे सोपे नव्हते. पूर्णय्या यांनी लष्करी तुकड्यांचे नेतृत्वही केले. त्या काळातील कारभाऱ्याला दप्तर आणि रणांगण या दोन्ही ठिकाणी उभे राहावे लागे.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले. बंगळूर पडल्यानंतर १७९१ मध्ये फितुरीच्या संशयावरून टिपूने कृष्णराव यांना ठार मारविले. ज्यांच्याबरोबर खजिना सांभाळला, त्या सहकाऱ्याचा असा अंत पूर्णय्या यांना पाहावा लागला. स्वतः पूर्णय्या मात्र आपल्या जागी राहिले. संशयी झालेल्या सुलतानालाही हिशेब समजणारा माणूस हवा होता.

१७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले आणि तीन कोटी तीस लाख रुपयांचा दंड त्याच्यावर बसला. हप्ते फिटेपर्यंत त्याचे दोन लहान मुलगे इंग्रजांकडे ओलीस राहिले. अर्ध्या राज्याच्या उत्पन्नातून एवढी रक्कम उभी करायची, शिवाय फौजही राखायची, हे काम रयतेला आणि कारभाऱ्यांना पिळून काढणारे होते. १७९४ मध्ये मुलगे परत आले. परकीय सत्तेचे देणे थकले म्हणजे राज्याला कोणती किंमत मोजावी लागते, हे पूर्णय्या यांनी या दोन वर्षांत जवळून पाहिले.

४ मे १७९९

चौथ्या युद्धात जनरल हॅरिसच्या फौजेवर नजर ठेवण्यासाठी टिपूने पाठविलेल्या दलात पूर्णय्या होते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढता लढता मारला गेला. पूर्णय्या तेव्हा किल्ल्याबाहेर घोडदळाबरोबर होते. काही दिवसांतच त्यांनी इंग्रजांशी बोलणे सुरू केले. टिपूचा थोरला मुलगा फत्ते हैदर याला गादीवर बसवावे आणि कंपनीने खंडणी घ्यावी, अशी सूचना त्यांनी प्रथम केली होती. फौज आणि अंमलदार त्याच घराण्याशी बांधलेले असल्यामुळे शांतता राखण्यास ते सोयीचे होईल, असे त्यामागील कारण होते. कंपनीने ती सूचना मानली नाही. जुन्या वडियार घराण्यातील पाच वर्षांच्या कृष्णराज यांना राजा करण्याचे ठरले. टिपूच्या कुटुंबाची रवानगी वेल्लोरला करण्यात आली.

दिवाणपदाचा प्रश्न त्यानंतर पुढे आला. राणी लक्ष्मम्मण्णी यांच्या वतीने तिरुमलराव यांनी जवळजवळ वीस वर्षे इंग्रजांशी वाटाघाटी केल्या होत्या. वडियारांची गादी परत यावी म्हणून १७८२ मध्ये त्यांनीच कंपनीबरोबर करार केला होता. गादी परत आली तर दिवाणपद आपल्याला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. कंपनीने मात्र शत्रूपक्षात राहिलेल्या पूर्णय्या यांची निवड केली. कोणत्या तालुक्याचे उत्पन्न किती, कोणाचे देणे बाकी, कोणता किल्लेदार विश्वासाचा आणि कोणता पाळेगार केव्हाही उठेल, हे ज्याला ठाऊक होते असा माणूस एकच होता. निष्ठेपेक्षा माहितीला अधिक मोल आले.

याच निर्णयामुळे पूर्णय्या यांच्या निष्ठेविषयी कर्नाटकात दीर्घकाळ वाद होत आला आहे. टिपूच्या पराभवात त्यांचा हात असल्याचा आरोप काहींनी केला. अखेरच्या हल्ल्याच्या वेळी तेही फितुरांत सामील होते, असे मानणारे लोक आजही आहेत. दुसऱ्या बाजूला, पराभवानंतरही त्यांनी प्रथम टिपूच्या मुलाचाच पक्ष मांडला होता, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. एवढे मात्र निश्चित की सत्तांतरानंतर त्यांनी आपले सारे कौशल्य नव्या राज्याच्या उभारणीला दिले.

राज्याची घडी

३० जून १७९९ रोजी म्हैसूर येथे बालराजाला गादीवर बसविण्यात आले. टिपूने जुने म्हैसूर गाव आणि तेथील राजवाडा पाडला असल्यामुळे हा समारंभ मांडवात करावा लागला. शेजारच्या श्रीरंगपट्टणात कंपनीची फौज होती. रेसिडेंट म्हणून बॅरी क्लोज आणि लष्करी अधिकारी म्हणून आर्थर वेलस्ली हे दोघे पूर्णय्या यांच्याबरोबर काम करू लागले. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

पहिला प्रश्न होता बेकार झालेल्या शिपायांचा. टिपूच्या फौजेतील हजारो माणसे एका दिवसात उघड्यावर आली होती. त्यांतील काहींना पूर्णय्या यांनी घोडदळात आणि कंदाचार नावाच्या स्थानिक शिबंदीत सामावून घेतले. हे लोक आपापल्या गावी राहून शेती करीत आणि गरज पडेल तेव्हा बंदोबस्ताचे काम करीत. जुन्या सरदारांना नेमणुका बांधून देण्यात आल्या. हातात शस्त्र आणि पोटात भूक असलेला शिपाई कोठे जातो, हे लगेचच दिसून आले. टिपूच्या कैदेतून सुटलेला धोंडजी वाघ हा मराठा सरदार अशाच माणसांची फौज जमवून उत्तरेकडे धुमाकूळ घालू लागला. जून १८०० मध्ये कित्तूरजवळ त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना लढाईत मारले. वेलस्लीने त्याचा पाठलाग केला आणि १० सप्टेंबर १८०० रोजी कोनागल येथे धोंडजी मारला गेला. या मोहिमेत धान्य, बैल आणि घोडदळ पूर्णय्या यांच्या कारभाराने वेळेवर पुरविले. १८०२ मध्ये बळम येथील कृष्णप्पा नायकाचा उठावही मोडून काढण्यात आला.

दुसरे काम महसुलाचे होते. तालुक्यांची फेररचना करून अमलदार नेमण्यात आले आणि जमिनीची पैमाश सुरू झाली. युद्धात फुटलेले तलाव आणि कालवे दुरुस्त करण्यावर पूर्णय्या यांनी विशेष भर दिला. म्हैसूरसारख्या कमी पावसाच्या मुलुखात तलाव भरला तर सारा वसूल होतो, हे साधे गणित होते. काही काळ रेसिडेंट असलेल्या मार्क विल्क्सने राज्याच्या कारभारावर सविस्तर अहवाल लिहिला, त्यात या दुरुस्तीची विशेष दखल घेतलेली आहे. बंगळूरचा किल्ला पुन्हा बांधला गेला, तसे पेठेतील विणकर आणि व्यापारीही परतू लागले. बुकाननने १८०० मध्ये पाहिलेली पेठ युद्धाच्या जखमांतून सावरत होती. म्हैसूर येथे नवा राजवाडा आणि नवी वस्ती उभी राहिली. श्रीरंगपट्टण येथे कावेरीवर दगडी खांबांचा पूल बांधण्यात आला आणि गव्हर्नर जनरलच्या नावावरून त्याला वेलस्ली पूल म्हणण्यात आले. कावेरीचे पाणी कालव्याने म्हैसूरपर्यंत आणण्याचाही प्रयत्न पूर्णय्या यांनी केला, पण तो पूर्णत्वास गेला नाही.

हप्ता आणि शिलकीचा अर्थ

या साऱ्या कारभारावर एका आकड्याची छाया होती. ८ जुलै १७९९ च्या तैनाती तहानुसार म्हैसूरने कंपनीला दरवर्षी सात लाख स्टार पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख रुपये द्यावयाचे होते. राजाच्या वाट्याला आलेल्या मुलुखाचे उत्पन्न तहाच्या वेळी पावणेचौदा लाख कंठीराय होनांच्या आसपास धरण्यात आले होते. कंठीराय होन स्टार पॅगोडापेक्षा हलका, साधारण तीन रुपयांच्या घरातला होता. म्हणजेच कागदावरील उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग कंपनीच्या फौजेसाठी जाणार होता.

तहातील आणखी एक कलम त्याहून कठोर होते. हप्ता थकण्याची भीती वाटल्यास राज्याचा काही भाग किंवा संपूर्ण राज्य आपल्या कारभाराखाली घेण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलला देण्यात आला होता. हप्ता प्रत्यक्ष थकावा लागत नव्हता, थकेल अशी शंका पुरेशी होती. वर्षभर पाऊस न पडणे, पाळेगाराचे बंड होणे किंवा खजिन्यात खडखडाट असणे, यांपैकी कोणतेही कारण राज्य जाण्यास पुरेसे ठरू शकत होते.

पूर्णय्या यांनी वर्षानुवर्षे साठविलेल्या शिलकीकडे या दृष्टीने पाहावे लागते. टीकाकारांनी तिला कृपणपणा म्हटले. सारावसुली कडक होती, इनामांची छाननी काटेकोर होती आणि जमलेला पैसा रयतेच्या हाती राहिला असता तर शेती-व्यापार अधिक वाढला असता, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ज्या राज्याचे अस्तित्व हप्त्याच्या तारखेवर अवलंबून आहे, त्याच्या कारभाऱ्यासाठी शिल्लक हीच तटबंदी असते. ती भक्कम असेतोवर कंपनीला ते कलम उघडण्याची सबब मिळत नव्हती.

मराठ्यांशी युद्ध आणि यळंदूरची जहागीर

१८०३ मध्ये कंपनी आणि मराठे यांच्यात युद्ध पेटले. वेलस्ली मार्चमध्ये म्हैसूरच्या सीमेवरील हरिहर येथून पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर बिष्टप्पा पंडित यांच्या नेतृत्वाखाली म्हैसूरचे घोडदळ होते. तोफा आणि दाणागोटा ओढण्यासाठी म्हैसूरचे अमृतमहाल जातीचे चपळ बैल उपयोगी पडले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला. या मोहिमेतील वेगवान हालचालींमागे म्हैसूरहून अखंड येत राहिलेली रसद होती. मराठी दप्तरपरंपरेत वाढलेल्या कारभाऱ्याने जमविलेली ही रसद मराठी सत्तेविरुद्धच वापरली गेली, हा इतिहासातील कटू योगायोग म्हणावा लागेल. तैनाती तहाने बांधलेल्या राज्यासमोर दुसरा मार्गही उरलेला नव्हता.

१८०५ मध्ये हिंदुस्थान सोडताना वेलस्लीने पूर्णय्या यांना आपले चित्र आठवण म्हणून भेट दिले. थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने रंगविलेले पूर्णय्या यांचे व्यक्तिचित्रही प्रसिद्ध आहे. १८०७ मध्ये पूरक तह होऊन युद्धकाळातील अनिश्चित वाढीव मागणीऐवजी म्हैसूरने चार हजार स्वारांचे घोडदळ कायम सज्ज ठेवावे, असे ठरले. मोजता न येणाऱ्या देण्याच्या जागी मोजता येणारे देणे आले, ही हिशेबी मनाला पटणारी गोष्ट होती. त्याच वर्षी पूर्णय्या यांना वार्षिक दहा हजार होन उत्पन्नाची यळंदूरची जहागीर वंशपरंपरेने देण्यात आली. यळंदूर आज कर्नाटकाच्या चामराजनगर जिल्ह्यात आहे.

बेंगळुरूच्या इतिहासाला वळण देणारी एक घटना पूर्णय्या यांच्या दिवाणगिरीच्या अखेरीस घडली. श्रीरंगपट्टणची हवा रोगट असल्याने तेथील इंग्रज फौज १८०९ मध्ये बंगळूरला हलविण्यात आली आणि जुन्या पेठेच्या पूर्वेस, हलसूरजवळ छावणी वसली. पेठ आणि छावणी अशी या शहराची दोन अंगे तेव्हापासून शेजारी शेजारी वाढत गेली.

निवृत्ती आणि त्यानंतर

१८१० मध्ये राणी लक्ष्मम्मण्णी यांचे निधन झाले. राजा कृष्णराज सोळा वर्षांचे झाले होते आणि सत्ता आपल्या हाती यावी अशी त्यांची इच्छा होती. बारा वर्षे साऱ्या राज्याची सूत्रे एकहाती हलविणाऱ्या वृद्ध दिवाणाला ती सोडणे सोपे गेले नाही. दोघांत दुरावा निर्माण झाला. अखेर डिसेंबर १८११ मध्ये पूर्णय्या यांनी कारभार राजाच्या स्वाधीन केला आणि ते श्रीरंगपट्टणला राहावयास गेले. तेथेच २७ मार्च १८१२ रोजी वयाच्या पासष्टीनंतर त्यांचे देहावसान झाले. निवृत्तीनंतर तीन महिनेच त्यांना लाभले.

त्यांच्यामागून बारगीर बक्षी बाळाजीराव, सवार बक्षी रामराव असे दिवाण झाले. कोणालाही पूर्णय्या यांची पकड साधली नाही. राजा कृष्णराज विद्या, संगीत आणि चित्रकला यांचे मोठे आश्रयदाते होते, परंतु जमाखर्चाची शिस्त त्यांना कोणी लावली नव्हती. दोन कोटींची शिल्लक हळूहळू संपली. मक्त्याने दिलेल्या महसुलामुळे रयत त्रासली आणि १८३० मध्ये नगर प्रांतात मोठा उठाव झाला. ज्या कलमाची पूर्णय्या यांना काळजी होती, त्याचाच आधार घेऊन १८३१ मध्ये गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंकने म्हैसूरचा कारभार काढून घेतला. राज्याचे मुख्य दप्तर बंगळूरला आले आणि प्रथम टिपूच्या तेथील महालात, तर १८६८ पासून अठरा कचेरीच्या नव्या लाल इमारतीत भरू लागले. पुढील पन्नास वर्षे म्हैसूरवर इंग्रज कमिशनरांचा अंमल राहिला.

या शेवटाचा काही दोष पूर्णय्या यांच्याकडेही जातो. त्यांनी खजिना भरला, पण तो सांभाळणारी दुसरी फळी तयार केली नाही. साऱ्या राज्याचा हिशेब त्यांच्या स्मरणात होता आणि त्यांच्याबरोबरच तो निघून गेला. बालराजा बारा वर्षे त्यांच्या देखरेखीखाली वाढला, तरी राज्य चालविण्याचे शिक्षण त्याला मिळाले नाही. शिलकीची तटबंदी उभी राहिली, मात्र तिच्यावर पहारा देणारे कोणी नव्हते.

१८८१ मध्ये राज्य पुन्हा वडियार घराण्याकडे आले, तेव्हा दिवाणपदी रंगाचार्लू यांची निवड झाली. तेही महसूल आणि हिशेबाच्या कामातून वर आलेले होते. त्यांनी पहिल्याच वर्षी म्हैसूरची प्रतिनिधी सभा स्थापन केली. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी तालुक्या-तालुक्यांतून आलेले रयतेचे आणि व्यापाऱ्यांचे १४४ प्रतिनिधी जमले आणि राज्याच्या कारभाराचा आढावा त्यांच्यापुढे वाचण्यात आला. पूर्णय्या यांच्या काळात एका माणसापाशी असलेली माहिती आता अनेकांच्या कानी पडू लागली. सभेला अधिकार थोडे होते, तरी ही प्रथा पुढे टिकली.

पूर्णय्या यांच्या घराण्यातील पी. एन. कृष्णमूर्ती हे १९०१ ते १९०६ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत, ५ ऑगस्ट १९०५ रोजी, शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर तयार झालेल्या विजेवर बंगळूरच्या रस्त्यांवरील दिवे लागले. ही वीज ज्या पेठेत प्रथम आली, ती त्याच जुन्या किल्ल्याच्या शेजारची. शंभर वर्षांपूर्वी त्या किल्ल्याचे पडलेले दगड पूर्णय्या यांनी पुन्हा रचून घेतले होते.